टिकटिक वाचकाला ऐकू येऊ द्या

या वेळचं पत्र असं आहे :

"मी घड्याळं दुरुस्त करतो. या कामाला २२ वर्षं झाली. गेली तीन वर्षं रात्री बसून रहस्यकथा लिहितो आहे. सात कथा लिहून झाल्या, चार मासिकांकडे पाठवल्या, एकही छापून आली नाही. दोन साभार परत आल्या, एकीची पोचसुद्धा नाही. चौथ्या संपादकांनी मात्र एक ओळ लिहिली : 'शेवट पटला नाही.' गंमत म्हणजे याच कथेतला खुनी माझ्या बायकोने दुसऱ्या पानावर ओळखला होता. ज्याचं उत्तर इतक्या लवकर कळतं त्याचा शेवट पटत कसा नाही, हे मला काही केल्या उमगत नाही. ती कथा सोबत जोडली आहे; ७२०० शब्द आणि नऊ पात्रं आहेत. बाकीच्या सहाही पाठवतो आहे. आणखी दोन गोष्टी. एका प्रकाशकाचा फोन आला होता. एका कथासंग्रहात माझी कथा घ्यायला ते तयार आहेत, पण त्यासाठी पैसे भरायला सांगतात. आणि कथा पाठवली की कल्पना चोरीला जाईल अशी भीती वाटते. त्या भीतीपायी या सातांखेरीज लिहिलेली माझी सगळ्यांत चांगली कथा मी अजून कुणाला दाखवलेलीच नाही. काय करू?
— काटा"

काटासाहेब, नमस्कार.

तुमची कथा मी दोनदा वाचली. एकदा वाचक म्हणून, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुमच्या बायकोचं बरोबर आहे आणि संपादकांचंही बरोबर आहे. दोघांनी एकाच दुखण्यावर दोन बाजूंनी बोट ठेवलं आहे.

इतर वाचकांसाठी कथा थोडक्यात सांगतो. जुनी घड्याळं जमवणारे एक एकटे गृहस्थ बंद घरात मृतावस्थेत सापडतात. भाचा म्हणतो, आपण आठवडाभर बाहेरगावी होतो. मृताच्या मनगटावरचं घड्याळ पडताना फुटून ९ वाजून १० मिनिटांवर थांबलेलं असतं. पोलीस अधिकारी सगळ्यांच्या जबान्या घेतो, कथा सात-आठ खोल्या फिरते, आणि शेवटच्या पानावर अधिकारी भाच्याच्या कोटातून प्रवासाची एक पावती काढतो. भाचा रडत सगळं कबूल करतो.

आता वहिनींनी भाचा ओळखला कसा? त्यांना पुरावा मिळाला नव्हता, कारण दुसऱ्या पानावर पुरावा नव्हताच. त्यांनी तुमच्या लेखणीवर लक्ष ठेवलं. नऊ पात्रांपैकी आठ जणांना तुम्ही नाव, धंदा आणि एक संवाद देऊन मोकळे झालात. भाच्याला मात्र पूर्ण परिच्छेद दिलात. त्याचे डोळे, त्याचा आवाज, त्याचं मामावरचं प्रेम. वाचक अशा बाबतीत फार तयार असतो. लेखक कुणावर शब्द खर्च करतो आहे हे त्याला लगेच जाणवतं, आणि तो मनात म्हणतो, इथे पाणी मुरतंय. हे ओळखणं म्हणजे वजाबाकी. त्यात वाचकाला आनंद नसतो, नुसती खात्री असते, आणि ती खात्री घेऊन त्याला पुढची वीस पानं काढावी लागतात.

आणि शेवट का पटला नाही? कारण ती पावती आम्ही आधी पाहिलेलीच नाही. ती अधिकाऱ्याच्या हातात येते तेव्हाच ती जन्माला येते. कबुलीजबाब ही तर आणखी हातघाई. गुन्हेगार रडला म्हणून वाचकाला काहीच सिद्ध झाल्यासारखं वाटत नाही; लेखकाला कथा संपवायची होती एवढंच त्याला दिसतं. थोडक्यात, तुमच्या वाचकाला 'कोण' हे फार लवकर कळलं आणि 'कशावरून' हे कधीच कळलं नाही. रहस्यकथेत हे नेमकं उलटं व्हायला हवं. 'कशावरून' सुरुवातीपासून डोळ्यांसमोर हवं, आणि त्याचा अर्थ शेवटी लागायला हवा.

मला या पत्राचं उत्तर एवढ्या कळकळीने द्यावंसं वाटलं त्याचं कारण हेच. रहस्यकथा लिहू पाहणारे बहुतेक जण समजतात की आपलं काम लपवण्याचं आहे. लपवायचं जवळजवळ काहीच नसतं. सगळं मांडायचं असतं, आणि वाचकाने त्याच्याकडे भलत्या कारणासाठी पाहावं अशी व्यवस्था करायची असते.

हे मी तुमच्याच कथेवर, तुमच्याच हत्याराने दाखवतो.

थांबलेलं घड्याळ काढून टाका. मृताच्या मनगटावर फुटलेलं घड्याळ हे इतक्यांदा येऊन गेलं आहे की वाचक ते दिसताच 'काटे मुद्दाम फिरवले असणार' असं म्हणून पुढे जातो. शिवाय तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे की पडलेलं घड्याळ दरवेळी थांबत नाही. त्याऐवजी चालू असलेलं घड्याळ ठेवा. जुनं, हाताने चावी द्यायचं. पूर्ण चावी दिली तर असं घड्याळ साधारण ३६ ते ४५ तास चालतं, हे तुम्ही रोज गिऱ्हाइकांना सांगत असाल. आता वेळ मांडू. वैद्यकीय अहवाल सांगतो, मृत्यू रविवारी रात्री नऊच्या सुमारास झाला. घर उघडलं बुधवारी संध्याकाळी सातला. मधे ७० तास गेले. आणि टेबलावरचं घड्याळ टिकटिकतं आहे.

म्हणजे रविवारनंतर कुणीतरी आत आलं आणि त्याने घड्याळाला चावी दिली.

तुम्ही ताठ बसला असाल. पण थांबा, अर्धंच झालंय. लगेच प्रश्न येतो की खून करून गेलेला माणूस परत येऊन घड्याळाला चावी कशाला देईल? याचं उत्तर नसेल तर हा नुसता कोडं घालायचा खेळ होईल. माझ्या मते उत्तर तुमच्याच कथेत पडलेलं आहे. भाचा लहानपणी मामाकडे वाढला असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला एक काम द्या. रोज संध्याकाळी मामाच्या घड्याळाला चावी देणं हे त्या पोराचं काम होतं, वयाच्या सहाव्या वर्षापासून. मंगळवारी रात्री तो कागदपत्रं शोधायला परत येतो. भेदरलेला आहे, अंधारात चाचपडतो आहे, टेबलाशी येतो, आणि हात आपोआप घड्याळाकडे जातो. त्याला स्वतःलाही ते कळत नाही. बोटांना सवय असते, ती डोक्याला विचारत नाहीत. तुमच्या बोटांना चिमटा कुठे ठेवलाय हे न बघता कळतं, तसंच.

बघा, आता काय झालं. त्याच्या मनात मामाबद्दल जे खरं प्रेम होतं, त्यानेच त्याला पकडून दिलं. कबुलीजबाबाची गरज उरली नाही. वाचकाला त्या माणसाची दया येते आणि अंगावर काटाही येतो, दोन्ही एकदम. कोटातल्या पावतीत हे कधीच आलं नसतं.

आता हे पेरायचं कसं? या पुराव्याचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांपासून लांब ठेवायचे. पहिला तुकडा : ते घड्याळ चावीचं आहे आणि चावी देणं हे भाच्याचं काम होतं. दुसरा तुकडा : बुधवारी ते चालू आहे. पहिला तुकडा शेजारणीच्या तोंडी घाला, आणि तोही कौतुक म्हणून. "एवढंसं पोर होतं, स्टुलावर चढून मामाच्या घड्याळाला चावी द्यायचं. मामा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत." हे वाक्य पहिल्या-दुसऱ्या पानावर आलं तर वाचक त्याकडे भाच्याच्या मायेची खूण म्हणून पाहील. शिवाय दुसरं कुणी ते घड्याळ हाताळत नव्हतं हेही त्यात सांगून झालं, म्हणजे ज्यांच्याकडे घराच्या किल्ल्या होत्या त्या बाकीच्या दोघांवरचा संशय शेवटी आपोआप गळून पडतो.

दुसऱ्या तुकड्याची तर मी दोन वाक्यं करूनच पाहिली. पहिलं असं : "टेबलावर मामांचं घड्याळ होतं. आश्चर्य म्हणजे ते अजून चालू होतं." हे वाक्य मी लगेच खोडलं. 'आश्चर्य म्हणजे' आणि 'अजून' या शब्दांनी मी वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सांगून टाकलं. दुसरं असं : "कुणीच बोलत नव्हतं. टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी खोलीत भरून राहिली होती. एवढ्यात वरच्या मजल्यावर काहीतरी जोरात आपटलं आणि सगळे जिन्याकडे धावले." यात टिकटिक शांततेचं वर्णन म्हणून येते. शांत खोली आणि घड्याळाची टिकटिक ही जोडी वाचकाने हजार वेळा वाचलेली असते, म्हणून तो तिच्यावर थांबत नाही. आणि थांबायच्या आत वर काहीतरी आपटतं, त्याचं लक्ष जिन्याकडे जातं. शेवटी अधिकारी म्हणेल, "त्या दिवशी आपण सगळ्यांनी ते ऐकलं होतं," तेव्हा वाचक मागची पानं उलटून पाहील. तिथे ते वाक्य जसंच्या तसं असेल. ते मागे वळून पाहणं मिळवण्यासाठी रहस्यकथा लिहायची असते.

याच युक्तीची दुसरी बाजू १८९२ सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी कथेत आहे. रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो आणि कुत्रा भुंकत नाही. न घडलेली गोष्ट हाच तिथे पुरावा आहे : कुत्र्याच्या ओळखीचा माणूस आला होता. आपल्या कथेत थांबायला हवं ते थांबत नाही, तिथे भुंकायला हवं ते भुंकत नाही. तत्त्व एकच. नेहमी काय होतं हे वाचकाला आधीच माहीत असावं, आणि त्या नेहमीच्यात झालेला फरक त्याच्या समोरून निघून जावा. तुमच्या बाबतीत 'नेहमीचं' म्हणजे चावीचं घड्याळ दीड-दोन दिवसांत थांबतं. हे सगळ्यांना माहीत नसतं, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर सेलचीच घड्याळं वापरली त्यांना. म्हणून कथेत कुठेतरी, दुसऱ्याच एका घड्याळाच्या निमित्ताने, ते सांगून ठेवा. मृताच्या संग्रहातली बाकीची घड्याळं थांबलेली दाखवा आणि कुणीतरी सहज म्हणू दे की दोन दिवस चावी दिली नाही की ही सगळी झोपतात. हे राहिलं तर शेवट पुन्हा पटणार नाही, आणि तेव्हा संपादकांचं पुन्हा बरोबर असेल.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने, जो स्वतः हेरकथा लिहायचा, अशा कथांसाठी दहा नियम लिहिले. त्यातले काही आज जुने झालेत, आणि एक तर वंशाबद्दलच्या त्या काळच्या गैरसमजातून आलेला आहे. तो सोडूनच द्यावा. पण दोन नियम मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवले आहेत. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा. आणि शोध घेणाऱ्याला जो पुरावा सापडतो तो वाचकालाही त्याच वेळी दिसायला हवा. पहिला तुम्ही पाळलात. दुसरा पावतीपाशी मोडला.

आता लांबी. ७२०० शब्द ही चूक नाही, पण तुमच्या कथेत तेवढ्या शब्दांचं काम नाही. १८४१ साली एडगर ॲलन पो याने जी कथा लिहिली, आणि जिला आधुनिक हेरकथेची सुरुवात मानतात, ती मासिकासाठीच लिहिलेली होती. हा प्रकार जन्मला तोच कथेच्या आकारात. कादंबरी नंतर आली. त्यामुळे 'छोटी' रहस्यकथा म्हणजे कादंबरीची आटवलेली आवृत्ती असं कृपा करून समजू नका. कादंबरीत दहा संशयित चालतात कारण त्यांच्यात फिरायला वाचकाला वेळ असतो. कथेत तीन पुरे, फार तर चार. तुमच्या नऊ जणांपैकी वकील, डॉक्टर आणि दोन्ही व्यापारी यांनी मिळून काय केलं, तर भाच्याला एकटं पाडलं. त्यांना काढा. भाचा, शेजारीण, आणि ज्याच्याकडे तिसरी किल्ली आहे असा एक जण ठेवा. तिघांनाही सारखीच जागा द्या; किंबहुना त्या तिसऱ्याला थोडी जास्त द्या, त्याचं काहीतरी लपवलेलं असू दे, पण ते या खुनाशी संबंध नसलेलं. माणसं खोटं बोलतात ती बहुतेक वेळा खुनासाठी बोलत नाहीत. लाजेसाठी, पैशासाठी, कुणाला तरी सांभाळून घेण्यासाठी बोलतात. संशयिताला अशी साधी लाज दिली की तो कळसूत्री बाहुलीसारखा वाटत नाही. माझ्या अंदाजाने कथा चार हजार शब्दांत बसेल, आणि जागोजागी श्वास घेईल.

लिहायला बसण्याआधी एक काम करा, आणि ते टाळू नका. एका कोऱ्या कागदावर गुन्हेगाराचा वेळापत्रकासारखा हिशोब मांडा : रविवारी सकाळपासून बुधवारी संध्याकाळपर्यंत तो तासातासाला कुठे होता, काय करत होता, कशाला घाबरत होता. हा कागद वाचकाला कधीच दिसणार नाही. पण मी ज्या ज्या वेळी तो न मांडता कथा लिहिली, त्या त्या वेळी मधेच अडकलो आणि शेवटी एखादी पावती कोटातून काढावी लागली. तुमच्या पावतीकडे पाहून मला माझ्या सुरुवातीच्या कथा आठवल्या. मी पावतीऐवजी पत्रं काढायचो.

मसुदा झाला की वहिनींनाच वाचायला द्या, पण निम्म्यावर थांबवा. मग विचारा : कोण वाटतं, आणि कशावरून? पहिल्या उत्तरापेक्षा दुसरं महत्त्वाचं. त्या म्हणाल्या की "भाचाच असणार, तुम्ही त्याचं एवढं वर्णन केलंय," तर वर्णनाचा तोल बिघडलाय. त्या म्हणाल्या की "घड्याळ चालू कसं?" तर टिकटिक जरा मोठ्याने वाजली, तिला आणखी झाका. आणि त्यांनी भलत्याच माणसाचं नाव घेतलं पण शेवट वाचून "अरे हो की!" असं म्हणाल्या, तर कथा पाठवायला तयार झाली.

तुमच्या पाचव्या कथेबद्दल एक वेगळी सूचना. त्यात कोण हे कुणापासूनच लपत नाही, आणि तुम्ही ते लपवायला केवढी धडपड केली आहे. सोडा ना ती. आर. ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर लेखकाने १९१२ च्या आपल्या संग्रहात आधी गुन्हा पूर्ण दाखवला, गुन्हेगाराच्या शेजारी वाचकाला उभं केलं, आणि मग शोध सुरू केला. वाचकाला कोण हे माहीत असतं. तो श्वास रोखून पाहतो की हा पकडला कुठे जाणार. घड्याळजी नायक असलेल्या तुमच्या त्या कथेला हीच रीत शोभेल. गुन्हेगार किती काळजीपूर्वक सगळं पुसतो आणि काय राहून जातं, हे तुमच्याइतकं बारकाईने कोण लिहील?

हे तुमच्या धंद्याबद्दल मुद्दाम सांगतो आहे, कारण सातपैकी फक्त दोन कथांत तो आला आहे. बाकी पाचांत विषं आहेत, पिस्तुलं आहेत, आणि ती ऐकीव वाटतात. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधालयात काम केलं आणि तिथलं विषांचं ज्ञान १९२० सालच्या तिच्या पहिल्या कादंबरीत उतरलं. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातल्या अचूकपणाचं कौतुक केलं होतं. तिला जे औषधालयात मिळालं ते तुम्हाला भिंगाखाली २२ वर्षं मिळतं आहे. सेल संपत आला की बऱ्याच घड्याळांचा सेकंदकाटा एकेक सेकंद न चालता चार-चार सेकंदांच्या उड्या मारतो, आणि तरी वेळ बरोबर दाखवतो. पट्ट्याच्या कुठल्या भोकाशी जास्त झीज आहे त्यावरून घड्याळ आधी जाड मनगटावर होतं की बारीक, हे कळतं. मागच्या झाकणाच्या आत जुन्या दुरुस्तीवाल्याने सुईने कोरलेली खूण असते. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक कथा आहे. विषाच्या नादी लागू नका.

आता छापून येण्याविषयी.

पाठवण्याआधी त्या मासिकाचे निदान तीन अंक वाचा. कथा किती शब्दांच्या येतात, रक्तपात किती चालतो, कोडं जास्त असतं की माणसं, हे त्यातून कळतं. शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा. ती मोडणाऱ्याची कथा बहुतेक वेळा न वाचताच बाजूला जाते. सोबतचं पत्र चार ओळींचं असू दे : कथेचं नाव, शब्दसंख्या, तुमचा व्यवसाय, आणि ही कथा पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही हे विधान. व्यवसाय नक्की लिहा. घड्याळांची रहस्यकथा घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने लिहिली आहे म्हटल्यावर संपादक सरसावून बसतो. पत्रात कथेचा सारांश आणि खुन्याचं नाव देऊ नका, संपादक हाही वाचकच असतो. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवायची का, हे त्या मासिकाच्या नियमांत पाहा. सांगितलं नसेल तर एकाच ठिकाणी पाठवा. पोच आली नाही तर तीन महिन्यांनी एक नम्र विचारणा करावी. उत्तर आलं नाहीच, तर 'कथा परत घेत आहे' असं कळवून पुढच्या ठिकाणी धाडा. आणि तोवर दुसरी कथा लिहा, वाट पाहत बसू नका. नवख्यांना दार बंद असतं असं मनात घेऊ नका. १९४१ पासून निघत असलेल्या 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' या इंग्रजी नियतकालिकात, ज्यांचं याआधी काहीच ललित छापलेलं नाही अशांच्या पहिल्या कथेसाठी वेगळा विभागच आहे. संपादकांना नवा माणूस हवा असतो, आणि 'शेवट पटला नाही' एवढं लिहायला ज्यांनी वेळ काढला त्यांना तर तुम्ही हवे आहात असं मी धरून चालतो. साभार परतीवर हाताने लिहिलेली ओळ फार क्वचित येते. दुरुस्त केलेली कथा आधी त्यांनाच पाठवा, आणि त्यांच्या त्या ओळीमुळे काय बदललं हे एका वाक्यात लिहा.

पैसे मागणाऱ्या प्रकाशकांना नाही म्हणा. यात विचार करण्यासारखं काही नाही. कथेसाठी मानधन देणं हे छापणाऱ्याचं काम असतं. छोटी मासिकं मानधनाऐवजी नुसता अंक पाठवतात, तेही समजू शकतो. पण लेखकाकडूनच पैसे घेणाऱ्याचं उत्पन्न लेखकांकडून येतं, वाचकांकडून नाही. त्यामुळे पुस्तक वाचकांपर्यंत पोहोचलं काय नि नाही काय, त्याला फरक पडत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे पैसे भरले. प्रती त्यांच्याच घरात खोक्यात राहिल्या, आणि ती कथा 'आधीच प्रसिद्ध' झाल्यामुळे दुसरीकडे देता आली नाही. त्या कथेसाठी मला आजही वाईट वाटतं, चांगली होती.

यावरूनच सांगतो, कथा सार्वजनिक पानावर टाकली तरी बरीच मासिकं तिला प्रसिद्ध झालेली मानतात. कौतुकाच्या चार शब्दांसाठी तिला आधी बाहेर काढू नका. आणि स्वीकारपत्र आलं की आनंदात सही करण्याआधी हक्कांची ओळ वाचा. मासिकाला प्रथम प्रसिद्धीचा हक्क देणं रास्त आहे. 'सर्व हक्क' असं लिहिलेलं असेल तर थांबा आणि लेखी विचारा : पुढे माझ्या संग्रहात ही कथा घेता येईल का? श्राव्य आवृत्ती, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क कुणाकडे? विचारल्याने कुणी कथा परत करत नाही. आर्थर कॉनन डॉयल १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात एकाच नायकाच्या पण दरवेळी स्वतंत्र संपणाऱ्या कथा लिहू लागला, आणि त्या कथा पुढे पुस्तकरूपाने आल्या. तुमचा पोलीस अधिकारी मला जरा सपक वाटला, पण पाचव्या कथेतला तो म्हातारा घड्याळजी, जो गिऱ्हाइकाच्या घड्याळाकडे पाहून त्याचा दिवस ओळखतो, तो दहा कथा ओढेल. तेव्हा हक्क सांभाळा, त्यांची गरज पडणार आहे.

चोरीचं भय. कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो, आणि ते बरंच आहे. नाहीतर बंद खोलीतला खून १८४१ नंतर कुणालाच लिहिता आला नसता. हक्क असतो तो तुम्ही लिहिलेल्या शब्दांवर, आणि तो कथा लिहून होताच तुमचा होतो. लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आलेल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. मसुद्यांच्या तारखा दिसतील अशा फायली ठेवा, पाठवलेल्या मेल ठेवा, तेवढं पुरतं. चालू राहिलेल्या घड्याळाची कल्पना मी इथे चारचौघांत सांगून टाकली आहे. ती वाचून आणखी पाच जण कथा लिहितील, खुशाल लिहू देत. स्टुलावर चढून चावी देणारं ते पोर तुमच्या कथेतलं आहे, त्याचा मामा तुमचा आहे, आणि चावीच्या शेवटच्या वेढ्याला बोटांना जो अडसर जाणवतो तो शब्दांत आणणं त्या पाच जणांना जमायचं नाही.

ती दडवून ठेवलेली कथा मात्र बाहेर काढा. या आठवड्यात वहिनींना द्या, निम्म्यावर थांबवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.